पेशी भरपूर, पॉलिमर नाही: पेंढ्याच्या रसावर वाढवलेल्या जिवाणूंचं दुखणं कसं शोधायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. शुद्ध ग्लुकोजवर जिवाणू पोटात छान पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ, साठवत होते. पेंढा, चिपाड किंवा कोंडा यांच्यापासून काढलेल्या साखरेच्या रसावर टाकले, तर वाढ जोरदार होते, ४८ तासांत माध्यम गढूळ आणि दाट होतं, सेंट्रिफ्यूजच्या (वेगाने फिरवून घन भाग तळाला बसवणाऱ्या यंत्राच्या) नळीत जाड थर बसतो. तो वाळवून क्लोरोफॉर्ममध्ये मुरवला आणि गाळलेला द्राव थंड मिथेनॉलमध्ये ओतला, की जिथे पांढरे तंतू तरंगायला हवेत तिथे नुसता धूसरपणा येतो. पुढची बॅच बरी निघते. त्यापुढची पुन्हा तशीच.

आम्ही या चक्रात सहा बॅच घालवल्या. त्या काळात सगळा संशय जिवाणूवर होता: कल्चर म्हातारं झालं, कल्चर बिघडलं, नवीन मागवा. नवीन मागवलं तरी तेच झालं. बिचाऱ्या जिवाणूची काही चूक नव्हती. आम्ही त्याला पॉलिमर साठवायचं कारणच देत नव्हतो.

आधी हे कारण म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचा सगळा शोध त्यावरच उभा आहे. पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट, म्हणजे पीएचबी, हा जिवाणूच्या पोटातला साठा आहे. १९२६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लेम्वान्य यांनी तो बॅसिलस मेगाटेरियममध्ये ओळखला. जिवाणूभोवती साखर मुबलक असते, पण प्रथिनं आणि डीएनए बांधायला लागणारा नायट्रोजन किंवा फॉस्फरस संपलेला असतो, तेव्हा त्याला नवीन पेशी बनवता येत नाहीत. साखर मात्र आत येतच राहते. तिच्या विघटनातून पेशीत झालेलं मधलं संयुग अ‍ॅसिटिल-कोए मग तीन एन्झाइमांच्या साखळीतून जाऊन पीएचबीच्या कणिका बनतात. नायट्रोजन शिल्लक असेल तर तेच अ‍ॅसिटिल-कोए ऊर्जा आणि नवीन पेशी यांच्याकडे वळतं. पेशी भरपूर आणि पॉलिमर नाही, हे चित्र म्हणूनच बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतं: नायट्रोजन संपलेला नाही.

पण त्या निष्कर्षावर उडी मारण्याआधी दोन गोष्टींची खात्री करून घ्या. पेशी खरंच भरपूर आहेत का, आणि पॉलिमर खरंच नाही का?

मोजमापच फसवत असेल तर

पेंढ्याच्या रसात मोजमाप करणं शुद्ध माध्यमासारखं सोपं नाही. रस तपकिरी असतो, थंड झाल्यावर त्यातून लिग्निनचे (पेंढ्याला कडकपणा देणाऱ्या पदार्थाचे) बारीक कण खाली बसतात, आणि पेंढा ज्या सल्फ्युरिक आम्लात शिजवला ते आम्ल चुन्याने मारलं असेल तर जिप्समचे स्फटिक दिवसभर हळूहळू पडत राहतात. सेंट्रिफ्यूजमध्ये हे सगळं पेशींबरोबर खाली येतं. तुम्ही वजन केलंत, त्यात निम्मी माती आहे हे कळतच नाही. पॉलिमरची टक्केवारी मग आपोआप कमी दिसते.

उपाय साधा आहे. जिवाणू न टाकलेला तोच रस, त्याच फ्लास्कमध्ये, तितकाच वेळ हलवत ठेवा आणि त्याचंही कोरडं वजन घ्या. ते वजन वजा करा. आमच्या एका बॅचचा 'पेशींचा जाड थर' या एका वजाबाकीनंतर बराच बारीक झाला. पेलेट, म्हणजे नळीच्या तळाला बसलेला थर, नीट पाहिला तरी अंदाज येतो: तळाला करडा, कचकचीत थर आणि वर मऊ, फिकट थर अशी सरळ रेघ दिसली, तर खालचं जिप्सम आहे.

पॉलिमर मोजण्याची क्रोटोनिक आम्लाची पद्धत स्वस्त आणि झटपट आहे. पेशी संहत सल्फ्युरिक आम्लात १०० अंशांवर १० मिनिटं तापवायच्या, पीएचबीचं क्रोटोनिक आम्ल होतं, ते २३५ नॅनोमीटरला मोजायचं. पण पेशी नीट धुतल्या नसतील, तर चिकटून राहिलेली साखर त्याच आम्लात फरफ्युरालसारखी संयुगं बनवते आणि तीही अतिनील किरण शोषतात. एकट्या २३५ चा आकडा घेऊ नका, २२० ते ३०० पर्यंतचा पूर्ण आलेख काढा. २८० च्या आसपास उंचवटा दिसला तर ती साखरेची भेसळ आहे. इथे चूक उलट्या दिशेने होते: पॉलिमर नसताना आहे असं वाटतं. अनेकांच्या 'बऱ्या निघालेल्या' बॅच अशाच असाव्यात असा मला दाट संशय आहे. गॅस क्रोमॅटोग्राफी हाताशी असेल तर मिथेनॉल आणि आम्ल वापरून एस्टर बनवा आणि तीच पद्धत खरी माना.

सगळ्यात आधी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली बघा, त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. फेज कॉन्ट्रास्ट (रंग न लावता पेशी ठळक दाखवणारी सोय) असेल तर पॉलिमर भरलेली पेशी ओळखायला शिकवावं लागत नाही: फुगलेली, आत तीन-चार चमकदार गोळे, एखाद्या शेंगेत दाणे टपोरे व्हावेत तशी. फेज कॉन्ट्रास्ट नसेल तर सुदान ब्लॅक आणि सॅफ्रनिन हे रंग वापरा. गुलाबी पेशींत निळे-काळे ठिपके दिसतात. ठिपके दिसत असूनही मिथेनॉलमध्ये काही पडत नसेल, तर तुमचा प्रश्न पॉलिमर काढण्याच्या पायरीत आहे. तो भाग शेवटी आहे, थेट तिथे जा. पेशी सडपातळ, एकसारख्या आणि रिकाम्या दिसत असतील तर पुढे वाचा.

नायट्रोजन कुठून शिरतो

आमच्या वहीत प्रत्येक बॅचपुढे एक ओळ होती: 'रसाचा पीएच ७ केला.' कशाने केला, ते लिहिलेलं नव्हतं. सहा बॅचनंतर कपाटातल्या बाटल्यांच्या तारखा आणि वहीतल्या तारखा शेजारी ठेवल्या तेव्हा उलगडा झाला. कॉस्टिक सोडा होता तोवर आम्ही तो वापरला. तो संपला की ज्याच्या हाताला अमोनियाची बाटली लागली त्याने अमोनिया वापरला. पीएच दोन्हींनी ७ होतो. कॉस्टिकच्या बॅचमध्ये पॉलिमर आलं, अमोनियाच्या बॅचमध्ये आलं नाही.

याचा हिशेब कागदावर मांडला तेव्हा कळलं की आम्ही किती मोठी चूक करत होतो. पेंढा १ टक्का सल्फ्युरिक आम्लात शिजवला, म्हणजे लिटरला १० ग्रॅम आम्ल. ते पूर्ण मारायला जेवढा अमोनिया लागतो त्यात सुमारे २.८६ ग्रॅम नायट्रोजन असतो. हे म्हणजे लिटरमागे साडेतेरा ग्रॅम अमोनियम सल्फेट ओतण्यासारखं झालं. पेंढ्यातले क्षार थोडं आम्ल आधीच खातात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा जरा खाली येतो, पण चित्र बदलत नाही. पॉलिमर सोडून उरलेल्या कोरड्या पेशीत ढोबळमानाने ११ ते १२ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे तेवढ्या नायट्रोजनवर लिटरला जवळपास २५ ग्रॅम पेशी वाढू शकतात. आणि रसात साखर किती? आमच्याकडे सगळी मिळून लिटरला २५ ग्रॅमच्या घरात. एवढ्या साखरेतून फार तर १२ ग्रॅम पेशी होतात. साखर संपते तेव्हा निम्म्याहून जास्त नायट्रोजन तसाच पडलेला असतो. उपासमारीची वेळ येते ती साखरेची, नायट्रोजनची येतच नाही. अशा माध्यमात जगातला सर्वोत्तम जिवाणू टाकला तरी तो पॉलिमर साठवणार नाही.

दुसरी वाट फर्मेंटरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या टाकीच्या, पीएच नियंत्रणाची. पेशी अमोनियम खातात तसं माध्यम आम्ल होत जातं, आणि पंप आपोआप क्षार सोडतो. त्या बाटलीत अमोनियाचं पाणी असेल तर जिवाणूने जेवढा नायट्रोजन खाल्ला जवळपास तेवढा पंप त्याला परत वाढतो. पेशींची दाट वाढ हवी असते त्या पहिल्या टप्प्यात ही सोय उत्तम आहे. पॉलिमरच्या टप्प्यात तीच घात करते. म्हणून टप्पा बदलताना बाटली बदला, सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड लावा. नळीत उरलेला अमोनियाही काढून टाका.

तिसरी वाट कच्च्या मालातली. पेंढा आणि चिपाडात नायट्रोजन कमी असतो, त्यांची फारशी भीती नाही. कोंड्याची गोष्ट वेगळी आहे. गव्हाच्या कोंड्यात १५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. लिटरला ५० ग्रॅम कोंडा घेतला, तर त्यातला सगळा नायट्रोजन सुटला असं धरल्यास १.२ ग्रॅम होतो. तेलबियांच्या पेंडीत याहून खूपच जास्त. त्यात कुणी सवयीने ५ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट टाकलं की आणखी अर्धा ग्रॅम. एन्झाइमने साखर सोडवत असाल तर एन्झाइमही प्रथिनच आहे, हे लक्षात असू द्या. इनॉक्युलम, म्हणजे बियाण्यासारखं टाकायचं कल्चर, पौष्टिक ब्रॉथमध्ये वाढवून तसंच १० टक्के ओतलं, तर ब्रॉथही बरोबर जातं. पेशी बसवून, धुऊन टाकणं बरं.

खात्री कशी करायची

अंदाज बांधत बसू नका, अमोनियम मोजा. दर तीन-चार तासांनी नमुना घ्या, लगेच सेंट्रिफ्यूज करा, वरची निवळ वेगळी ठेवा. इंडोफेनॉलची निळ्या रंगाची चाचणी प्रयोगशाळेत सहज होते. ती जमत नसेल तर मत्स्यपेटीतल्या पाण्यासाठी मिळणारं अमोनियाचं किटही चालतं. फक्त नमुना शंभरपट किंवा जास्त पातळ करावा लागतो, कारण ते किट अगदी कमी प्रमाणासाठी बनवलेलं असतं. पातळ केल्यावर रसाचा तपकिरी रंगही आड येत नाही. अचूक आकडा नाही मिळाला तरी चालेल, रेघ खाली जाते आहे की नाही एवढंच हवं आहे.

चांगल्या बॅचमध्ये अमोनियम उतरत जातं, एका क्षणी तळाला टेकतं, आणि त्यानंतर काही तासांतच सूक्ष्मदर्शकाखाली चमकदार कणिका दिसू लागतात. वाईट बॅचमध्ये रेघ अर्ध्यावर थांबते आणि त्याच सुमारास साखर संपलेली असते. हे दोन आलेख एकमेकांवर ठेवले की वाद उरत नाही. किट नसेल आणि फर्मेंटरचा पीएच कॉस्टिकने सांभाळत असाल, तर क्षाराचा पंप बघत राहा. त्याच्या खेपा एकदम मंदावल्या तर बहुधा अमोनियम संपलं.

दुरुस्ती

पुढच्या बॅचसाठी क्रम उलटा करा. आधी साखर मोजा, मग त्यावरून नायट्रोजन ठरवा. लिटरला २५ ग्रॅम साखर असेल तर ३ ग्रॅम पेशी पुरेत. त्यांना लागेल सुमारे ०.३५ ग्रॅम नायट्रोजन, म्हणजे १.६ ते १.७ ग्रॅम अमोनियम सल्फेट. त्यात साडेसहा-सात ग्रॅम साखर जाईल. उरलेल्या १८ ग्रॅममधून, ग्लुकोजवरची तात्त्विक मर्यादा ग्रॅमला ०.४८ ग्रॅम असली तरी व्यवहारात ०.३ धरा, साडेपाच ग्रॅमच्या आसपास पॉलिमर मिळायला हवं. हे गणित आलं की कोणतंही माध्यम डोळे झाकून उतरवून घ्यायची गरज राहत नाही. आम्ल मारायला चुना किंवा कॉस्टिक वापरा, आणि वहीत क्षाराचं नाव आणि किती मिलिलिटर गेला ते लिहा.

इथे एक उलटी चूक होते, तीही आम्ही केली आहे. नायट्रोजन शत्रू ठरला म्हणून तो जवळजवळ शून्यावर आणला. पेशींत ६० टक्क्यांवर पॉलिमर आलं, सगळे खूश झाले, आणि मग लक्षात आलं की लिटरला पेशीच जेमतेम १ ग्रॅम आहेत. टक्केवारी पाहून खूश होऊ नका, लिटरमागे किती ग्रॅम पॉलिमर हाती आलं ते बघा.

अमोनिया पडून गेलेला रस फेकायचा नसेल तर दोन मार्ग आहेत. पीएच ११ च्या वर नेऊन, फ्यूम हूडमध्ये, कोमट अवस्थेत हवा सोडली की अमोनिया निघून जातो. फार तापवू नका, क्षारात साखर लवकर खराब होते. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: बाहेरून साखरेचा घट्ट पाक देत राहायचा, म्हणजे नायट्रोजन शेवटी संपतोच. पण पेशी एवढ्या दाटतात की हवा कमी पडते, तेव्हा हा मार्ग चांगल्या फर्मेंटरवरच जमतो, फ्लास्कमध्ये नाही.

कोंडा किंवा पेंडीसारख्या मालातून नायट्रोजन काढणं शक्यच नसतं. तिथे नायट्रोजनचा नाद सोडा आणि फॉस्फेट तोकडं ठेवा. उपासमार फॉस्फरसची झाली तरी अनेक जिवाणू पॉलिमर साठवतात. चुन्याचा उपचार केलेल्या रसात तर बरंचसं फॉस्फेट कॅल्शियमबरोबर खाली बसून आधीच गेलेलं असतं.

साखर दिसते, पण ती त्याची नसते

नायट्रोजन संपला, साखर लिटरला १५ ग्रॅम शिल्लक आहे, आणि तरीही पॉलिमर नाही. हे दुसरं नेहमीचं कोडं आहे, आणि ते डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाच्या) चाचणीने घातलेलं असतं. ही चाचणी कोणतीही क्षपणकारी, म्हणजे दुसऱ्या पदार्थाला इलेक्ट्रॉन देणारी, साखर दाखवते. ग्लुकोज, झायलोज, अरॅबिनोज, सगळ्यांचा मिळून एकच रंग येतो. सौम्य आम्लाने शिजवलेल्या पेंढ्याच्या रसात मुख्य साखर झायलोज असते. या विषयात सर्वांत जास्त वापरला जाणारा क्युप्रियाव्हिडस नेकाटर हा जिवाणू झायलोज खातच नाही. त्याचा मूळ एच१६ वाण तर ग्लुकोजही खात नाही. तो फ्रुक्टोज आणि ग्लुकोनेटवर वाढतो, ग्लुकोज खाणारे त्याचे उत्परिवर्तित वाण वेगळे आहेत. म्हणजे आपल्याला भरलेलं ताट दिसत असतं, आणि जिवाणू उपाशी असतो.

रक्तातली साखर मोजायला वापरतात त्या ग्लुकोज ऑक्सिडेजच्या किटने निवळीतलं फक्त ग्लुकोज मोजा, आणि डीएनएसच्या आकड्यातून वजा करा. उरलेला फरक ढोबळमानाने झायलोजचा. पेंढ्याच्या रसासाठी झायलोज खाणारा जिवाणू निवडा. पॅराबर्खोल्डेरिया सॅकराय हा ब्राझीलमधल्या उसाच्या शेतातल्या मातीतून मिळालेला जिवाणू ग्लुकोज, झायलोज, अरॅबिनोज आणि सुक्रोज चारही वापरतो. आम्ही त्याच्यावर स्थिरावलो. मात्र दोन्ही साखरा असल्या की तोही आधी ग्लुकोज वेगाने संपवतो आणि झायलोजवर रेंगाळतो. त्या मधल्या मंद टप्प्याला घाबरून बॅच उतरवू नका.

मळीवर काम करणाऱ्यांना हीच चाचणी उलट फसवते. सुक्रोज क्षपणकारी नाही, त्यामुळे आम्लाने फोडल्याशिवाय ते डीएनएसला दिसत नाही, आणि साखर आहे त्याहून खूप कमी वाटते.

वाढच होत नसेल तर

ते दुखणं वेगळं. पेंढा शिजताना झायलोजपासून फरफ्युराल, ग्लुकोजपासून हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युराल, हेमीसेल्युलोजवरच्या अ‍ॅसिटिल गटांपासून अ‍ॅसेटिक आम्ल आणि लिग्निनपासून फिनॉल सुटतात. याचा तपास एका रात्रीत होतो: रस १००, ७५, ५० आणि २५ टक्के असा पातळ करा, पण प्रत्येकात शुद्ध साखर घालून एकूण साखर सारखीच ठेवा. पातळ रसात वाढ सुधारली तर विष आहे. नाही सुधारली तर एखादं खनिज पोषकद्रव्य कमी पडतंय.

विष असेल तर चुना टाकून पीएच १० पर्यंत नेणं, ५० ते ६० अंशांवर अर्धा तास ठेवणं, गाळणं आणि मग पीएच ७ वर आणणं, हा जुना उपाय अजूनही चांगला आहे. त्यानंतर फॉस्फेट पुन्हा घालावं लागतं, आणि ते वेगळं निर्जंतुक करून, थंड झाल्यावर. सक्रिय कोळसा फिनॉल आणि फरफ्युराल धरतो, अ‍ॅसेटिक आम्ल धरत नाही. अ‍ॅसेटिक आम्लाचा त्रास पीएच कमी असताना जास्त होतो. पीएच ७ वर थोडं अ‍ॅसिटेट असेल तर अनेक जिवाणू ते खाऊन टाकतात, आणि मग पीएच आपोआप वर चढतो. तो चढ पाहून घाबरू नका.

साखर आणि अमोनियम सल्फेट एकत्र ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करू नका, एवढंही इथेच सांगून टाकतो. दोन्ही एकत्र तापले की माध्यम तांबूस होतं, आणि थोडी साखर आणि थोडा नायट्रोजन दोन्ही वाया जातात.

हवेबद्दल थोडक्यात: २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटरपेक्षा जास्त भरू नका. फेस मारायला तेल टाकताना थेंब मोजा, जास्त तेलाने ऑक्सिजन विरघळणं मंदावतं.

कालपर्यंत होतं, आज नाही

नमुन्यात पॉलिमर दिसलं, अंतिम पेलेटमध्ये नाही. हा प्रकार आमच्याकडे शनिवारी उतरवलेल्या बॅचचा होता. पीएचबी हा साठा आहे, आणि बाहेरची साखर संपली की जिवाणू तो स्वतःच्या एन्झाइमने मोडून खातो. माध्यमात नायट्रोजन शिल्लक असेल तर आणखी भराभर खातो. आम्ही पेशी बसवून, वरचं पाणी ओतून, नळ्या टेबलावर ठेवून घरी गेलो होतो. सोमवारी पेलेट तसाच दिसत होता. त्यातलं पॉलिमर मात्र बरंच गेलं होतं, आणि जे उरलं त्याचा ठिसूळपणा वाढला होता.

साखर पूर्ण संपण्याआधी, लिटरला दोन-तीन ग्रॅम उरली असताना बॅच उतरवा. फर्मेंटर थंड करा, किंवा ८० अंशांवर १५ मिनिटं तापवून पेशी मारून टाका. पेलेट थंड पाण्याने धुऊन लगेच गोठवा. नमुन्याच्या नळ्या बर्फातच ठेवा, रांगेत उभ्या असतानाही.

खरंच कल्चर बिघडलं असेल तर

होतं कधी कधी. पेंढ्याबरोबर बॅसिलसचे बीजाणू येतात आणि ते कमी वेळाच्या ऑटोक्लेव्हमधून वाचतात, विशेषतः घन कचरा माध्यमातच ठेवला असेल तर. क्युप्रियाव्हिडस किंवा पॅराबर्खोल्डेरिया बीजाणू बनवत नाहीत. तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत एकच लंबगोल, काठ ठळक असलेला चमकदार ठिपका दिसला तर तो पॉलिमर समजू नका. सुदान ब्लॅक लावा. बीजाणू तो रंग घेत नाही.

जास्त साखर आणि कमी नायट्रोजनच्या आगरवर पसरवून तीन-चार दिवस थांबा. पॉलिमर साठवणाऱ्या कॉलनी दाट पांढऱ्या, अपारदर्शक दिसतात, न साठवणाऱ्या काचेसारख्या. आगरमध्ये नाइल रेड हा रंग घातला तर अतिनील प्रकाशात पहिल्या प्रकारच्या नारिंगी चमकतात. दाट कॉलनी उचला, ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा, आणि दर वेळी तिथूनच सुरुवात करा. महिनोन् महिने एका उतरत्या आगरवरून दुसऱ्यावर नेत राहू नका.

कणिका दिसतात, तंतू पडत नाहीत

इथे बहुधा पाणी आड येतं. ओलसर पेशींत क्लोरोफॉर्म शिरत नाही, मधे दुधाळ थर धरतो. पेशी पूर्ण वाळवा, खलात बारीक करा. १ ग्रॅम भुकटीला ३० ते ५० मिलिलिटर क्लोरोफॉर्म, बंद बाटलीत ५५ अंशांच्या आसपास काही तास, आणि सगळं फ्यूम हूडमध्ये. गाळलेला द्राव बोटभर उरेपर्यंत आटवा, मग पाच ते दहा पट थंड मिथेनॉलमध्ये हलवत हलवत, बारीक धारेने सोडा. द्राव फार पातळ असेल तर तंतू न येता ढग येतो. पॉलिमर त्यात असतं, पण गाळणीतून निसटतं. अशा वेळी ओतलेलं फेकू नका, सेंट्रिफ्यूज करा. याउलट द्राव मधासारखा दाट झाला आणि गाळणी तुंबली, तर क्लोरोफॉर्म वाढवा. ते चांगलं लक्षण आहे, साखळ्या लांब आहेत.

क्लोरोफॉर्म टाळून सोडियम हायपोक्लोराइटने पेशी विरघळवणार असाल तर वेळ आणि प्रमाण कडक पाळा. तो पेशीबरोबर पॉलिमरच्या साखळ्याही तोडतो, आणि मग फिल्म वाळल्यावर हातात तुकडे येतात. आणि त्याआधी पेलेट किमान दोनदा पाण्याने धुवा. माध्यमातला अमोनिया पेलेटमध्ये राहिला असेल, तर हायपोक्लोराइटशी मिळून क्लोरामाइनचा विषारी वायू होतो. आम्ही ज्या बॅचमध्ये अमोनियाने पीएच ७ केला होता, त्यांच्या नळ्या उघडताना डोळे चुरचुरत असत, आणि ते का होतं हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.